ओळख दाखवायची का?

आधी माफी मागतो. कुणाचं चित्र शब्दांत उभं करावं एवढं मला येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हटलं की मला अजून परीक्षाच आठवते. पण सरांबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

एंटरची कळ ते करंगळीने दाबत. मग दोन्ही हात पोटावर बांधून, दारात पाहुणा यायचा असावा तशा चेहऱ्याने काळ्या पडद्याकडे बघत बसत. "आपण लिहून ठेवाचं," ते म्हणत. "ज्याले वाचाचं असन, तो येईन."

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. बारावीनंतर मी मोहगावहून, सौंसरला बस बदलून तिथे जाई. म्हणून सर मला नावाने नाही, 'मोहगाव' म्हणूनच हाक मारत.

टायपिंग वगैरे शिकवून झालं की ते आपला छंद काढत. प्रत्येकाला त्यांनी साध्या अक्षरांची एक फाइल करून दिली होती, इंटरनेटवर ती ठेवायला जागाही. काही सांगायचं असलं की आपल्या फाइलीत एक ओळ लिहायची. दुसऱ्यांच्या फाइलींचे पत्ते एका छोट्या प्रोग्रामला देऊन ठेवायचे. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली की तो सगळ्यांच्या दारी फिरून नव्या ओळी गोळा करून आणी. फोटो नाही, लाइक नाही, वर कुठली कंपनी नाही.

"सर, हे तं मोबाइलवर होतेच ना," मी एकदा म्हणालो.

"मोबाइलवर तू भाड्यानं राहते बे. हे सोताचं घर आहे. कुडाचं का असंना!"

मागून एक मुलगी म्हणाली, "पण सर, घरी कोणी येऊनच नाही राहिलं."

"येईन ना माय. ज्याले वाचाचं असन..."

"...तो येईन!" सगळा वर्ग ओरडला. सर्वांत मोठ्याने सर हसले.

त्यांच्या ओळी अशा असत: 'जाम नदीला पाणी आलं.' 'आज गाडी वेळेवर आली. फलाटावरचे लोक घाबरले.'

तो प्रोग्राम सुरुवातीलाच एक प्रश्न विचारी: ज्याची फाइल वाचाल, त्याला तुमची ओळख दाखवायची का? 'हो' म्हटलं तर वाचून जाणाऱ्याचं नाव सरांना त्यांच्या यंत्रावर दिसे. इथे ते एकदम गंभीर होत. "कोणाच्या आंगनात पाय ठेवला तं आवाज द्यावा. चोरासारखं पाहून जाऊ नये."

आम्ही सगळ्यांनी 'हो' लिहिलं.

मग मी भोपाळला इंजिनिअरिंगला गेलो. बाकीच्या मुलांनी फाइली सोडून दिल्या. माझ्या फाइलीतली शेवटची ओळ होती, 'उद्यापासून पेपर.'

गणितात मी नापास झालो. गावात बाबा भेटेल त्याला सांगत होते, पोरगा इंजिनेर होऊन राहिला. सरांच्या फाइलीत ओळ आली: 'मोहगाव, निकाल लागला का?' काही दिवसांनी पुन्हा तीच. मी उत्तर लिहायला बसे आणि उठे. शेवटी मी त्या प्रश्नापुढचं 'हो' खोडून 'नाही' केलं.

त्यानंतर मी सरांच्या अंगणात रोज गेलो. आवाज न देता.

'आज क्लासात नवी पोरं आली. एक मोहगावसारखंच आहे, माउसले भेते.' 'पोरांना मोहगावची फाइल दाखवली. म्हटलं, हा भोपाळले शिकून राहिला.' मग सरांनी निकालाचं विचारणं सोडलं. एकदा नुसतंच लिहिलं: 'मीही कॉलेजात एकदा एका विषयात उडलो होतो. घरी सांगतलं नाही. सांगाले पाह्यजे होतं.'

तरी मी गप्प राहिलो. विषय सुटला की समोर जाऊन सांगू, असं ठरवलं होतं.

या उन्हाळ्यात विषय सुटला. सरांच्या नव्या ओळी त्याआधीच थांबल्या होत्या. मला वाटलं, क्लासात गर्दी असेल.

पांढुर्ण्याला उतरलो तर क्लासचं शटर खाली. शेजारी चहा विकणाऱ्या काकूंना विचारलं.

"सर थंडीतच गेले रे बाबा. झोपेतच." त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "तू कोन?"

"त्यांचा विद्यार्थी. आता क्लास कोण चालवते?"

"क्लास? तो तं कवाचाच बंद पडला. पोरंच नोयती येत. सर मंडीत संत्र्याच्या गाड्या उतरवून घेत, अन् दुपारी इथं बाकड्यावर कॉम्प्युटर घेऊन बसत."

"पण ते तर लिहीत होते... नवी पोरं आली म्हणून."

"मले वाचून दाखवत ना. म्या म्हटलं, सर, ह्या वयात कायले खोटं लिहून राहिले? तं म्हणे, काकू, भोपाळाहून एक जण रोज येते. नाव लपवते, पण माह्या यंत्रावर गाव उमटते. तिकडं त्याचं काही बिनसलं असन. त्याले इथलं सारं जाग्यावर दिसलं पाह्यजे."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

"म्या म्हटलं, मंग तुमीच हाक मारा त्याले. तं म्हणे, नाही. लाजून राहिला असन. देईन तो आवाज."