नलिनीला न दिलेलं आमंत्रण

ईशा, निमिष,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि ते तर रोज समोर बसून चहा पीत होते. मग आत्ताच का? मागच्या रविवारी फोनवर ईशाने विचारलं, आजी, मी घरी हळदीकुंकू करणार आहे, कोणाकोणाला बोलवायचं असतं? मी म्हटलं, नंतर सांगते, गॅसवर दूध आहे. गॅसवर दूध नव्हतं.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी कुठलीही गोष्ट सभ्य करून मांडते — शिक्षणच तसं झालं. म्हणून मराठीत. अडलात तर बाबा वाचून दाखवेल. त्यालाही कळू दे.

तुमच्याकडे अमेरिकेत शहराचा मेयर गव्हर्नर व्हायला निघतो. इथे न्यूझीलंडमध्ये पुढची पायरी म्हणजे संसद. आमच्या गावच्या मेयरबाई एका वर्षी संसदेसाठी उभ्या राहिल्या आणि पक्षाने मला विचारलं, भारतीय मंडळींना एकत्र आणाल का? मला — निवृत्त शिक्षिकेला, मराठी मंडळाची पत्रकं काढणाऱ्या बाईला. मी फुलले, दुसरं काय. म्हटलं, मी हॉल भरून देते.

संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकवालाच मेयरबाईंना बोलवायचं ठरवलं. बायका आल्या की घरंच्या घरं येतात, हे मला ठाऊक होतं.

इथलं हळदीकुंकू मी आणि नलिनीने सुरू केलेलं. तेव्हा गावात मराठी घरं मोजकीच. आम्ही दोघींनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं — सगळ्यांना बोलवायचं. विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाची, शेजारची फिजीची बाई, सगळ्यांना. नलिनी म्हणाली होती, 'एवढं विमानाने आलो, ते नियम कशाला सामानात?' किती हसलो होतो.

आणि निवडणुकीच्या त्या वर्षी नलिनी स्वतः विधवा झालेली होती. तिचा नवरा श्रीधर सायकलने कामावर जायचा. शाळेजवळच्या चौकात गाडीने उडवलं. तिथे सिग्नल हवा म्हणून लोक आधीपासून मागत होते. श्रीधरच्या अंत्यविधीला मेयरबाई आल्या, नलिनीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, सिग्नल होईल. झाला नाही. नलिनी कौन्सिलला लिहीत राहिली. मग मला म्हणाली, 'हळदीकुंकवाला त्या येणार आहेत ना? मी सगळ्यांसमोर विचारीन. भांडणार नाही गं, फक्त विचारीन.'

विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? एका बाईने एक प्रश्न विचारला असता. पण मला डोळ्यांपुढे हॉल दिसत होता — पैठण्या, टाळ्या, पक्षाचे लोक भिंतीशी कौतुकाने उभे — आणि मध्येच नलिनीचा तो शांत आवाज.

मी तिला फोन केला. म्हटलं, 'नलिनी, यंदा बायकांचं म्हणणं पडलंय, जुन्या पद्धतीनं करावं. फक्त सुवासिनी.'

ती म्हणाली, 'कोणाचं म्हणणं?'

'सगळ्यांचंच.'

कोणाचंही नव्हतं. एकाही बाईच्या मनात ते आलेलं नव्हतं. ते माझं होतं.

नलिनी म्हणाली, 'बरं. तिळाच्या वड्या पाठवू ना? की त्याही नकोत?'

मी म्हटलं, पाठव. पाठव म्हटलं मी.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर — पण बायका विचारणार, नलिनी कुठे? त्यांना सांगितलं, तिलाच नको वाटतंय, तीच म्हणाली या वर्षीपासून सुवासिनींचंच करा. म्हणजे तिला एक खोटं आणि त्यांना दुसरं. दोन्ही इतकी नीट बसली की कोणी कोणाला विचारलंच नाही. नलिनीला वाटलं, जिला जिला तिने बाळंतपणात डबे पोचवले, त्या सगळ्यांनी तिला बाहेर ठेवलं. बायकांना वाटलं, तिला एकटं राहायचंय. म्हणून त्यांनी तिला एकटं राहू दिलं.

हॉल भरला. दाराशी सॅंडल आणि जॅंडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. मेयरबाई आधी माओरीत 'किया ओरा' म्हणाल्या, मग 'नमस्कार' म्हणाल्या, बायका खूष. मेयरबाईंचा घटस्फोट झालेला होता. त्यांना कुंकू मी लावलं, माझ्या हाताने. त्यांनी नलिनीची वडी खाल्ली, आणखी एक मागितली. कोणी प्रश्न विचारला नाही. पक्षाचा माणूस जाताना म्हणाला, किती आपुलकीचे लोक आहात तुम्ही.

निवडणुकीत त्या पडल्या.

नलिनीने वर्षाच्या आत घर विकलं आणि मुलाकडे ऑकलंडला गेली. एकदा तिथल्या सॅंडरिंगहॅम भागात मिठाईच्या दुकानात भेटली. तुमच्या बाबाची चौकशी केली, तुम्ही किती मोठे झालात विचारलं, तुमच्यासाठी बाकरवडीचा पुडा माझ्या पिशवीत टाकला. हळदीकुंकवाचं एक अक्षर नाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. दुकानात गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या समजुतीत काहीही न बदलता गेली.

तुमचे आजोबा गेल्यानंतरची पहिली संक्रांत या जानेवारीत आली. मंडळातली एक मुलगी, पुण्याहून नुकतीच आलेली, फोन न करता मुद्दाम घरी आली. म्हणाली, 'काकू, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून स्वतः आले. आपल्याकडे फक्त सुवासिनींना बोलवतात ना. मला नाही पटत खरं तर, पण सगळ्या म्हणतात, इथे पहिल्यापासून असंच आहे.'

पहिल्यापासून नव्हतं, हे सांगू शकेल अशी आता या गावात मी एकटीच उरले. मी तिला चहा केला. हवेबद्दल बोललो. ती गेली.

श्रीधर नाही, नलिनी नाही. चौकात सिग्नल नाही. मी घातलेला नियम आहे. दर जानेवारीला तो पाळतात.