डब्याचा प्रश्न

सराव संपला तरी रबरी पेशंटची छाती वरखाली होत होती. बटण बंद करायचं राहून गेलं होतं. त्या छातीकडे बघत मी तिथेच खिळून राहिले.

आम्ही अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि सिस्टर दर महिन्याला या पुतळ्याला वाचवतो. छाती किती दाबायची, नळी कधी घालायची, हे आता हातांना पाठ आहे. आज मात्र सरांनी त्याला मुद्दाम दगावू दिलं आणि मला म्हणाले, "जा, बाहेर त्याच्या आईला सांग."

आई झाल्या होत्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मंगलमावशी. मी शिकवलेली वाक्यं नीट म्हटली. मावशींनी माझं मनगट धरलं. "मग हा डबा मी कुणाला भरवू?"

हे सरावाच्या कागदावर नव्हतं. एरवी सांगून झालं की आत कामं वाट बघत असतात. आज मागे दार होतं, पण मनगट सुटत नव्हतं. शेवटी सर म्हणाले, "पुरे, छान झालं." सगळे चहाला गेले. मला मात्र ती मूठ अजून जाणवत होती. पुतळ्याला बंद करायला निदान बटण तरी असतं.

मावशी फरशी पुसायला आल्या. मी विचारलं, "डब्याचं तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं कुठलं! त्या तीन नंबरच्या बेडवरच्या पेशंटची आई म्हणाली होती की. तुम्हीच सांगितलं होतं तिला." त्यांनी पुतळ्याचं बटण बंद केलं. "तुम्ही तेव्हा लगेच आत निघून गेलात, मॅडम."