रिकाम्या कॅशमधली एक हिट

आकडे मोजणाऱ्यांकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. आमच्याकडं रीडिंगपेक्षा किस्सेच जास्त साठले! मानवतला बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत गंगाधर, प्रकाश, नीलोफर आन् मी, आमी चौघं बसायचो. सॉफ्टवेअरला सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा म्हणजे कॅश. हजारो जणांनी एकदम मागणी केली तर ती किती लवकर पुरवते, हे आमी मोजायचो.

*

पालमचा गंगाधर नवीन होता. त्याची पहिली टेस्ट लय स्लो आली, दुसरी सुसाट. पुण्याचे सर कॉलवर खूश. "व्वा! काय बदललंस?"

"काहीच न्हाई सर. चहा पिऊन आलो!"

पहिल्या टेस्टनं कॅश भरून ठेवली होती, दुसरं काय!

*

युजर वाढवले की सिस्टीम अडकायची. तीन दिवस डोकं खाजवलं. डबा देणाऱ्या कौसामावशींनी विचारलं, "तोंडं का उतरलीत रे?"

गंगाधर म्हणाला, "मावशी, रांजण भरलेला हाय, पण पेला एकच. समदे खोळंबलेत."

"मग पेले वाढवा की, येड्यांनो!"

कॅशला एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक होतं; त्या एकाचे सोळा केले. पळायला लागलं!

*

गंगाधर हैदराबादला गेला, प्रकाश नाशिकला. नीलोफरला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी सरांनी कॉलवर विचारलं, "मानवतची टीम जमली का?"

मी खोलीभर नजर फिरवली. "जमली सर!"

*

घरमालक काका आले. "तीन खुर्च्या खाली नेऊ का?"

"नका काका, चारी लागतात. आज हिच्यावर, उद्या तिच्यावर!"

काका हसले. मीपण हसलो.

*

आणि हा शेवटचा. कॅश रिकामी करून मी जेवायला बसायचो, मग टेस्ट लावायचो. रिकाम्या कॅशमध्ये पहिलं रीडिंग मिसच, म्हणजे माहिती सापडली नाही असंच, यायला पाहिजे. पण रोज एक हिट, माहिती तयारच! म्हणजे माझ्याआधी कुणीतरी तीच माहिती मागून गेलं होतं. सर वैतागले. "शोध आणि बंद कर!"

कोण कधी काय मागतं त्याची नोंद ठेवणारा लॉग उघडला. नीलोफरचं जुनं अकाउंट, रोज दुपारी, टेस्टसाठी बनवलेल्या खोट्या ग्राहकांची यादी. पहिली चार नावं आमचीच.

फोन लावला. "नीलोफर, आपल्या सर्व्हरवर काय करायलीस गं?"

ती म्हणाली, "काही न्हाई सुधाकरभाऊ. इथं डबा एकटीच खाते. तेवढ्यापुरती यादी उघडून ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून मी आधी जेवायला लागलो आणि मग कॅश रिकामी करायला लागलो. रीडिंग स्वच्छ आलं. सरांना मेसेज टाकला, "फिक्स झालं सर!"