पूर्णविरामाला तांदूळ

लग्न होऊन मी नागावला आले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी ट्रेनिंग झालेली मास्तरीण, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, अलिबागला कचेरीत मोडी लिहिणारे कारकून. ते घरी लिहायला बसले की मी दाराआडून बघायची. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग बोरूने अक्षरं तिला टांगत जायची, हात न उचलता. ना शब्दांत जागा, ना कुठे टिंब. वाचणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यावं.

मग हुकूम आला: यापुढे सगळं बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, विरामचिन्हांसकट. परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. पेन्शनीला तीन वर्षं उरलेली. मामंजी भडकले, "आमच्या आज्याने टिंबाशिवाय जन्मभर कागद लिहिले. कुणाचं अडलं?" पण त्या दिवशी त्यांनी दुसरा भात घेतला नाही.

मामंजी सरावाला बसले, तर पूर्णविराम भलतीकडेच. दोन दिवसांनी मला उमगलं. शाई संपली, बोरू दौतीत बुडवायला हात उठला, की तिथे टिंब! पदर तोंडाला लावून हसले, आणि मग वाईटही वाटलं.

पण सांगणार कसं? सासऱ्यासमोर सून बसत नसे, बोलणं दूरच. त्यांच्या कागदावर लाल शाई मारायची माझी काय बिशाद? शेवटी ते आंघोळीला गेले की मी कागदावर दाणे ठेवायला लागले, पूर्णविरामाला तांदूळ, स्वल्पविरामाला मूग. ते येऊन मुकाट एकेक दाणा उचलत आणि तिथे खूण करत. एकदा चिमण्यांनी दोन पूर्णविराम पळवले.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी हाक मारली, "सूनबाई, दाण्यांनी भागायचं नाही. समोर बस." सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण पाट त्यांनीच सरकवला.

मामंजी नापास झाले. वेळ संपत आली तसा हात सुटला, आणि शेवटचं अख्खं पान एका दमात, एकही टिंब न देता लिहून गेले. नोकरी गेली. माझंच शिकवणं कमी पडलं, आता मामंजी माझं तोंडही बघायचे नाहीत, असं मी धरूनच चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरत होते. ओटीवरून हाक आली, "सूनबाई, कुठे थांबायला हवं होतं ते दाखव." ते शेवटचं पान त्यांनी आठवून पुन्हा जसंच्या तसं लिहून काढलं होतं. मी समोर बसले आणि मला रडूच कोसळलं.

"आधी रडून घे," ते म्हणाले. "आता कसली घाई नाही."