अण्णांसाठी आणलेला डबा

नातवानं टेनिसच्या चेंडूंचा नवा डबा फोडला. रबराचा तो वास आला आणि मी पुन्हा कसबा बावड्यातल्या घरासमोर रिक्षातून उतरलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टीव्हीवर टेनिसचं समालोचन करत महिनाभर देशोदेशी फिरून आलो होतो. वडिलांसाठी, अण्णांसाठी, असाच डबा आणला होता. दारात धाकटा भाऊ आला. त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं. डबा माझ्या हातातून निसटला.

“तार का नाही केलीस?”

“कुठं करायची, दादा? तुझा पत्ता कुणाला ठावं? अण्णांना खाली निजवलं, तवा टीव्हीवर तू हसत हुतास. मी बंद कराय गेलतो, तर आई म्हणाली, ऱ्हाऊ दे. पोराचा आवाज ऐकू दे त्यांना.”

त्या मॅचमध्ये मी कशाला हसलो होतो, ते आजही आठवत नाही.