लुसर्नमधली न्याहारी

स्वित्झर्लंडला जाताना आमच्या बॅगेत पाच किलो ज्वारीचं पीठ होतं. ते माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. लुसर्नच्या मुलीनं फोनवर बजावलं होतं, "वैनी, पीठ आणा. इथं मिळतं ते कडू लागतं. भाकरी मी करणार, तुम्ही नुसतं बसायचं."

ही मुलगी कोण ते आधी सांगते. शिरूरच्या बाहेर घोड नदीच्या बाजूला आमची वस्ती आहे. गाई आहेत, थोडा ऊस आहे. एका क्लबच्या योजनेतून परदेशी मुलं वर्षभर इकडच्या घरांत राहायला येत, शिरूरच्या कॉलेजात जात. आमच्याकडे दोघं राहून गेली, दोन्ही स्वित्झर्लंडची. आधी एक मुलगा आला. तो माझ्या सासऱ्यांना 'आजोबा' म्हणायचा, कारण त्याच्या पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. नंतर ही मुलगी आली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ती पुस्तकाच्या वाटेला गेली नाही. घरातली माणसं बोलतात तसं बोलायला शिकली, म्हणून सासऱ्यांना सगळ्यांसारखं 'आबा' म्हणायची आणि माझ्या नणंदेचं ऐकून मला 'वैनी'.

ती परत निघाली त्या दिवशी आबांनी तिला साडीचोळी केली, मला तिची ओटी भरायला लावली आणि जमलेल्या भावकीसमोर सांगितलं, "आजपास्नं ही आमची लेक." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. त्या शब्दानं पुढं काय होणार हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

यंदा दोघांनीही बोलावलं. गोठा सोडून नवरा-बायकोनं मिळून निघता येत नाही, म्हणून नवरा मागं राहिला आणि मी सासऱ्यांना घेऊन निघाले. आबा पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. गुडघे माझ्यापेक्षा बरे. धोतर, सदरा, त्यावर माझ्या नवऱ्यानं घेऊन दिलेलं जाड जाकीट आणि डोक्याला टोपी. विमानतळावर लोक वळून बघत होते, आबाही त्यांच्याकडे वळून बघत होते.

झुरिकला आमच्याकडे आधी राहिलेला मुलगा न्यायला आला होता. तो आता शाळेत गणित शिकवतो, दोन पोरांचा बाप आहे. त्याच्या घरी आबा मांडी ठोकून जेवले. उकडलेले बटाटे, वर वितळलेलं चीज. "खरवसाचा चुलतभाऊ हाय ह्यो," म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला बर्नला नेलं. नदीकाठच्या उतारावर अस्वलं पाळलेली आहेत, ती बघितली. दुकानांपुढच्या दगडी कमानींखालून सगळं गाव फिरता येतं, ऊन नाही की पाऊस नाही. मला ते फार सोयीचं वाटलं. आबांना आवडले ते चौकाचौकातले पाण्याचे हौद. दगडी हौद, त्यात सतत पडणारी धार, कुणीही ओंजळ लावावी. आबांनी प्रत्येक हौदाचं पाणी चाखलं आणि आपली बाटली भरून घेतली. "नळ सरकारचा. कुनाचं देनं न्हाई," म्हणाले.

त्या बाटलीवरून मी सावध व्हायला हवं होतं.

लुसर्नला मुलगी आणि तिचा नवरा स्टेशनवर उभे होते. नवरा लाकूडकाम करतो, उंच आणि अबोल. तिनं भर फलाटावर वाकून आबांच्या पायाला हात लावला. घरी गेलो तर टेबल मांडलेलं. पिठलं, ठेचा, कांदा, आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या. आमचं पीठ अजून बॅगेतच होतं. तिनं तिकडच्या कडू पिठाच्या करून ठेवल्या होत्या, हात बसवायला म्हणून.

आबा खुर्चीत बसले. ताटाकडे बघून म्हणाले, "पोट भरलंय गं. गाडीत लई खाल्लं."

गाडीत आम्ही काही खाल्लं नव्हतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. आबांनी जाकिटाच्या खिशातून स्वतःची बाटली काढली.

 तिनं ताट उचललं, भाकऱ्या परत फडक्यात बांधल्या. मी दोघांच्या वाटचं जेवले. दुसरं काय करणार? तिचा नवरा मुकाट्यानं ठेचा खात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं हात आखडला नाही.

आमच्याकडची जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. कडक असेल तर पाणीही घेत नाही. नवी पिढी हे सोडून देते आहे, पण आबांच्या वयाची माणसं सोडत नाहीत. झुरिकचा मुलगा 'आजोबा' म्हणणारा, म्हणजे नातू, नातवाकडे खायला आडकाठी नाही. ही मात्र लेक, आणि तिला मूल नाही. आबांनी तिला पाहुणी राहू दिलं असतं तर चार घास निवांत खाल्ले असते.

दुसऱ्या दिवशी ती मला लाकडी पुलावर घेऊन गेली. नदीवरून तिरका गेलेला जुना पूल, वर छप्पर, छपराखाली त्रिकोणी चित्रं. आबा तिच्या नवऱ्याबरोबर पुढं गेले होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पुलाचे सांधे दोघंही बोटांनी चाचपत होते.

"वैनी," ती म्हणाली, "आबा दौंडला काय करायचे, मला माहीत हाय."

माझी नणंद दौंडला दिलेली. ही मुलगी आमच्याकडे असताना नणंदेचं लग्न नवं होतं. आम्ही दौंडला गेलो की आबा आधी एस्टीतून स्टेशनपाशी उतरून गाड्यावरचा वडापाव खायचे, नळाला तोंड लावायचे, आणि मग लेकीच्या घरी जाऊन ढेकर द्यायचे. हिनं ते सगळं बघितलं होतं आणि मला शंभर प्रश्न विचारले होते. पुढं नणंदेला मुलगा झाला आणि आबा तिच्याकडे पुरणपोळी जेवले. ते बघायला ही नव्हती.

"माहीत आहे तर मनावर घेऊ नको," मी म्हणाले. "मूल झालं की येतील परत. नाहीतर मी घेऊन येईन."

"न्हाई व्हायचं, वैनी. डॉक्टरनं सांगितलं. खूप केलं आम्ही, आता बंद केलं."

खाली हंस पोहत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण अशा वेळी तोंडाकडे बघू नये.

"मला रडायचं न्हाई," ती म्हणाली. "ते रडून झालं. मला एवढंच विचारायचंय. मी लेक हाय ना? मग आबा माझ्या घरात कधीच जेवणार न्हाईत का?"

मी म्हटलं, बघते. याच्यापेक्षा जास्त कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी व्यवहारी बाई आहे. भिंत असेल तर आधी दार शोधते. गावाबाहेर तिनं भाड्यानं बागेचा तुकडा घेतला होता. तिकडे फ्लॅटमधले लोक असे वाफे घेतात, भाजी लावतात, कोपऱ्यात अवजारांची छोटी खोली असते. मी म्हटलं, उद्याचा डबा तिकडे न्यायचा. रानात कुणी कुणाच्याही भाकरीला बसतं, रानाला उंबरा नसतो.

तसंच झालं. आबांनी आधी माती मुठीत घेऊन चुरली. "काळी हाय, पर हलकी." घेवड्याच्या काठ्या हलवून बघितल्या. शेजारच्या वाफ्यातल्या म्हाताऱ्यानं कुंपण किती उंच ठेवायचं याचे नियम सांगितले, ते मुलीनं समजावून दिले. आबा म्हणाले, "म्हंजी हितंबी सोसायटीच हाय की." मग डबा उघडला. आमच्या पिठाच्या भाकऱ्या होत्या, कडेनं जरा चिरलेल्या पण फुगलेल्या. आबांनी दोन खाल्ल्या, कांदा बुक्कीनं फोडून.

मला वाटलं, सुटलं.

घरी येऊन मुलगी भांडी घासत होती. मी पुसायला उभी राहिले. ती पाठमोरीच म्हणाली, "छान जेवले. पण शेडपाशी जेवले, वैनी. गड्यासारखे. घरात न्हाई."

तिचं खरं होतं. मी दार काढलं होतं ते मागचं.

निघायच्या आदल्या दिवशी तळ्यातल्या बोटीवर मी आणि आबा दोघंच होतो. मुलगी आणि तिचा नवरा कामावर गेले होते. दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी गर्द हिरवं. आबा म्हणाले, "भीमंला एवढं पानी असतं तर." मग म्हणाले, "पोरगी उदास दिसती."

"मूल होणार नाही तिला," मी सांगितलं. "डॉक्टरनं सांगितलंय."

आबांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"मग आता?" मी विचारलं. "मरेपर्यंत स्टेशनवर खाणार का तुम्ही?"

"रीत हाय ती. म्या काढली न्हाई."

"आबा, माझे वडील तुम्ही बघितलेत."

माझं माहेर भांडगाव. वडील वांगी, शेंगा काहीबाही घेऊन यायचे. ओसरीवर बसायचे, टोपी मांडीवर ठेवून. मी पाणी आणलं की म्हणायचे, "आत्ताच प्यालो, स्टँडवर." मला मूल व्हायला वेळ लागला. मुलगा झाला त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले. माझ्या घरचा एक घोट त्यांच्या पोटात गेला नाही. हे मी कुणाजवळ बोलत बसले नव्हते. त्यात बोलण्यासारखं काय, अशी पुष्कळ घरं असतात. पण त्या बोटीवर बोलले.

आबा म्हणाले, "तुझ्या बापाला म्या म्हनलो व्हतो. चा तरी घ्या, म्हनलं. कोन बघतंय? दोनदा म्हनलो. ऐकला न्हाई माणूस."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहते आहे, आणि हे मला परदेशातल्या तळ्यात कळलं.

"त्यांनी ऐकलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही तरी ऐका."

 बोट धक्क्याला लागली तेव्हा आबा माझा हात न धरता उतरले. रागावले की ते असंच करतात. रात्री त्यांनी बाजारातून आणलेली केळी खाल्ली आणि लवकर झोपले. मी विषय सोडून दिला.

सकाळी मी बॅगा बांधत होते. स्वयंपाकघरातून आबांचा आवाज आला.

"ए पोरी, रातची भाकर हाय का गं शिळी?"

मी दारात जाऊन उभी राहिले. मुलगी ओट्यापाशी होती, हातात कॉफीचा कप. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजरेनंच सांगितलं, काही विचारू नको, वाढ. तिनं फडकं सोडलं, वाडग्यात भाकरी ठेवली आणि दूध ओतलं. आबांनी भाकरी कुस्करली, मीठ मागितलं, आणि टेबलाशी बसून खायला लागले. तिचा नवरा काम सोडून आलेल्या माणसासारखा भिंतीला टेकून उभा होता.

"पीठ जाड दळलंय," आबा म्हणाले.

पीठ मीच शिरूरच्या गिरणीतून दळून आणलं होतं. 

मुलगी हळूच म्हणाली, "आबा, जेवलात की घरात."

"जेवलो कुठं? न्याहारी केली. न्याहारीचं काय धरायचं." वाडगा पुढं सरकवून म्हणाले, "अर्धी वाढ अजून."

तिनं अख्खी वाढली. वर पाण्याचा ग्लास भरून ठेवला. आबांनी तो उचलला, वरून धार धरून अर्धा प्याले आणि मिशा पुसल्या. खिशातली बाटली त्या दिवशी रिकामीच होती. ती त्यांनी भरलीच नव्हती.

स्टेशनवर मुलगी रडली नाही, मीही नाही. गाडी अगदी ठरल्या सेकंदाला सुटली. आबा म्हणाले, दौंडला असं एक दिवस घडलं तर लोक घड्याळं तपासतील.

शिरूरला परत आल्यावर नणंद भेटायला आली. चॉकलेटं बघितली, फोटो बघितले, आणि एका फोटोपाशी थांबली. आबा टेबलाशी, पुढ्यात वाडगा.

"हे कुणाच्या घरात?"

"लुसर्नच्या पोरीच्या," मी म्हणाले.

"व्हय का. आन् माझ्या दारात यायच्या आधी स्टेशनवर वडापाव. आबा, ही लेक आन् मी कोण?"

"तवा तुझी आय व्हती," आबा म्हणाले. "ती खाऊ देत नव्हती."

"आईवर ढकलू नका. आईनंच मला सांगितलं होतं, त्यांना चहा पाज, माझं नाव सांगू नको म्हणून."

आबांनी फोन लांब धरून फोटो परत बघितला. मग म्हणाले, "पीठ जाड व्हतं त्या दिशी," आणि गोठ्याकडे निघून गेले. नणंद माझ्याकडे बघून हसली. मी चहा ठेवायला आत गेले. नवऱ्याचा धरून चार कप घेतले, आणि आबांचा गोठ्यात नेऊन दिला.