निसर्ग परिचय सहल आणि मखमली शेंग

आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमनना एकदा भर सभासदांसमोर गालापासून कमरेपर्यंत शेणानं लिंपलं गेलं, त्यात राजकारण अजिबात नव्हतं. चेअरमन माझे सासरे होते, आणि कारण मी होते.

तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. माहेर बीड शहरात, सासर वडवणीपासून आत, डोंगराच्या कडेला. मी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. (गावातली पहिली! म्हणजे गावात आलेली पहिली.) सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामांना माझ्या शिक्षणाचा भारी अभिमान. पाहुणे आले की चहाआधी माझी डिग्री बाहेर यायची.

अभिमान होता, पण मी बी.एड.चा फॉर्म पुढे केला की मामा पेपर उघडायचे. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. शेवटची तारीख तोंडावर आली होती, आणि मामांचा पेपर काही वाचून संपत नव्हता.

वर्ष दुष्काळाचं. निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेलं, घरोघर कुलपं. जनावरं डोंगराच्या पायथ्याला चारा छावणीत. सोसायटीत दूध इतकं कमी यायचं, की कॅनमध्ये दुधापेक्षा आवाज जास्त. उस्मानभाईंचा दुधाचा टेम्पो तर दिवसभर पारापाशी उभा असायचा, आणि स्वतः उस्मानभाई त्याला फडक्यानं पुसत बसायचे. अशात तालुक्याहून पत्र आलं : सभासदांच्या कुटुंबांसाठी हिवाळ्यात एक निसर्ग परिचय सहल काढावी. पाहणीला साहेब येतील.

पत्र वाचून सोसायटीचे सेक्रेटरी भानुदासराव हबकलेच.

"चेअरमनसाहेब, निसर्ग बगायला कावून जायाचं? त्यानंच तर ही दशा केली आपली!"

"पत्र आलंय म्हणल्यावर जायाचं," मामा म्हणाले. "आन् माहिती सांगायला बाहेरून माणूस कशाला पायजे? आमची सूनबाई हाय की!"

मी स्वयंपाकघरात होते. हातातली उलथणी तिथेच ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "सहल नीट पार पडू दे. मंग तुझ्या त्या फॉर्मचं बगू."

त्या रात्री मी कॉलेजच्या सगळ्या वह्या काढल्या. आमचे हे अंथरुणातून म्हणाले, "डोंगरात काय हाय बगायला? वाळलेल्या काड्या."

"प्रत्येक काडीला नाव असतं," मी म्हणाले.

(हे वाक्य मी पुढे फार दिवस ऐकलं.)

संक्रांतीच्या आधीचा तो रविवार. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. उस्मानभाईंच्या टेम्पोत दुधाच्या कॅनच्या जागी आम्ही तीस-पस्तीस माणसं उभी. बायकांकडे बाजरीच्या भाकरी आणि तिळाची चटणी, पुरुषांकडे मफलर. साहेब मोटरसायकलवरून आले : पांढरा शर्ट, खिशात पेन, गळ्यात कॅमेरा. मामांनी नवा फेटा बांधला होता. त्या गडबडीत चष्मा मात्र देव्हाऱ्याजवळच राहिला.

पायथ्याला छावणीपाशी टेम्पो थांबला, तशा आत्याबाई उतरल्या त्या उतरल्याच. "तुमी या जाऊन. मी हितंच बसते." त्यांची तांबडी गाय छावणीत होती. पंधरा दिवसांत भेट नव्हती. गायीच्या मानेवरून हात फिरवत त्या बसल्या, आणि आम्ही डोंगर चढायला लागलो.

निसर्गानं पहिल्या दहा मिनिटांतच माझी परीक्षा घेतली. वह्यांतल्या चित्रांत झाडांना पानं होती. इथे एका झाडाला असेल तर शपथ!

साहेबांनी एका खराट्याकडे बोट केलं. "हे कुठलं झाड, मॅडम?"

मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हे... पानगळीचं झाड आहे."

"बाई," मागून भानुदासराव म्हणाले, "औंदा समदीच पानगळीची हायेत. माझा आंबाबी."

लोक हसले. मामा हसले नाहीत. चष्मा नसल्यामुळे त्यांना झाडच दिसलं नव्हतं. पण सुनेचं काहीतरी चुकतंय, एवढं मात्र कळलं असावं. मी पुढचं झाड ओळखलं नाही. त्याच्या पुढच्याला चुकून दोन नावं दिली. एक पक्षी उडाला, त्याला मी "स्थलांतरित" म्हणाले. तो कावळा होता.

फॉर्म डोळ्यांसमोरून उडून चालला होता.

आणि तेवढ्यात घळीत, एका झुडपावर, मला ती दिसली! वाळलेल्या वेलीवर लोंबणारे शेंगांचे घोस. तपकिरी, जरा वळलेल्या, उन्हात सोनेरी लव चमकतेय. मी ओरडलेच, "मुकुना प्रुरिएन्स!"

तीन वर्षं ही शेंग आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, पिवळ्या पाण्यात बुडून बसलेली होती. मी तिचं चित्र काढलं होतं, भाग दाखवले होते, परीक्षेत तिच्यावर टीप लिहिली होती. लॅटिन नाव पाठ, कुळ पाठ, उपयोग पाठ. मराठीत तिला काय म्हणतात, ते मात्र परीक्षेत कधी आलं नव्हतं.

"सगळ्यांनी जवळ या," मी म्हणाले. आवाजाला एकदम धार आली. "ही अत्यंत गुणी वनस्पती. आयुर्वेदात हिच्या बियांना मोठं स्थान आहे. बिया शक्तिवर्धक असतात."

'शक्तिवर्धक' म्हटल्याबरोबर मागचे पुरुष पुढे आले.

मी पदर हाताला गुंडाळून (शंका आली म्हणून नव्हे, काटा टोचू नये म्हणून) सात-आठ शेंगा तोडल्या आणि वाटायला सुरुवात केली. "घाबरू नका, हात लावून बघा. कशी मखमल आहे!"

मागून उस्मानभाई पुढे सरकले. "वहिनी, या अल्ला, ती शेंग... जरा ऐका तर..."

"उस्मान, गप," मामा म्हणाले. "सूनबाई शिकवायली."

उस्मानभाई चार पावलं मागं गेले. भानुदासरावांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"घ्या ना, सेक्रेटरी," मी म्हणाले.

"नगं बाई. आज माझा उपास हाय."

(शेंग खायची नव्हती, नुसती धरायची होती. तरी मला शंका आली नाही!)

साहेबांनी मात्र एक शेंग उलटसुलट करून बघितली आणि जपून शर्टाच्या खिशात ठेवली, पेनाशेजारी. दोन तरण्याताठ्या सभासदांनी शक्तीच्या आशेनं दोन-दोन घेतल्या. आमच्या ह्यांना मी एक दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेंगेकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं घेतली.

आणि मामांनी, चष्मा नसल्यामुळे, शेंग गालाला लावून बघितली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मानेवरून फिरवली.

"मखमल हाय, सायब, मखमल!"

त्याच वेळी घळीतून वारा आला. हिवाळ्यातला तो कोरडा वारा, वर डोंगरावरून येतो आणि थेट कानात शिरतो. वेलीवरचे सगळे घोस एकदम हलले. उन्हात बारीक सोनेरी धूळ उडाली. "किती सुंदर!" असं कुणीतरी म्हणालं. ते मीच म्हणाले.

पहिल्यांदा मामांनी गाल खाजवला. चेअरमनला शोभेल असा, एका बोटानं. मग दोन बोटांनी. मग फेटा काढला.

साहेब आभाराचं भाषण करत होते. "सहकारातून निसर्गाकडे जाताना..." इथे त्यांनी छाती खाजवली. "आपण सर्वांनी..." इथे काख. "एक..." आणि पुढे साहेबांना शब्द सुचेना. त्यांनी कॅमेरा भानुदासरावांच्या हातात कोंबला आणि शर्टाची बटणं तोडायला सुरुवात केली.

मग माझी मान, माझे कान, माझी कोपरं! सगळीकडून एकदम मुंग्या चावल्यासारखं झालं. बायका एकमेकींच्या पाठी खाजवायला लागल्या, मग दगडांना पाठी घासायला लागल्या. ते दोघे तरणे तर जमिनीवर लोळलेच. कुणीतरी पिण्याच्या पाण्याचा एकुलता एक कॅन साहेबांच्या अंगावर ओतला. साहेबांनी अशी किंकाळी फोडली, की घळीतून दोन मोर उडाले. (तो कावळा सोडला, तर पूर्ण सहलीत आम्हाला दिसलेले पक्षी ते एवढेच.)

"पाणी नगं! पाण्यानं वाढतंय!" भानुदासराव लांबून ओरडले. "खाली पळा, खाली!"

आम्ही जे पळालो! पुढे साहेब, त्यांच्यामागे हातात फेटा घेतलेले चेअरमन, मागे सगळी सोसायटी. छावणीतल्या लोकांना वाटलं, मोहोळ उठलंय. त्यांनी पटापट डोक्यावर घोंगड्या ओढल्या आणि जनावरांच्या पोटाखाली शिरले.

आत्याबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "काय झालं गं? कशाला हात लावला?"

"मुकुना प्रुरिएन्स," मी खाजवत म्हणाले.

"काय?"

"शेंग, आत्याबाई. तपकिरी. मखमलीसारखी."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "खाजकुइली! अगं माझे बाई, ती खाजकुइली!"

आता आत्याबाईंविषयी सांगायला हवं. माझ्या सहा महिन्यांत मी त्यांना मामांसमोर मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. पदर डोक्यावर, मान खाली, 'जी' आणि 'बरं'. त्या बाईनं त्या दिवशी पदर कमरेला खोचला आणि तांबडीच्या मागचं ताजं शेण ओंजळीत घेतलं.

"सायब, सदरा काढा."

"अहो, पण..."

"काढा म्हणते ना!"

साहेबांनी काढला. आत्याबाईंनी सपासप लिंपायला सुरुवात केली, भिंत सारवतात तसं. "हलू नगा. वाळू द्या. वाळलं की ओढून काढायचं, कुसळं संगं निघत्यात." मग मामांकडे वळल्या. ओंजळ परत भरली. मग म्हणाल्या, "तुमीबी बसा. आन् गाल पुढं करा."

सोसायटीच्या चेअरमननी गाल पुढे केला.

बायकांसाठी गवताच्या गंजीमागे आडोसा झाला. उस्मानभाई घमेल्यानं शेण पोचवत होते आणि तोंड वळवून हसत होते. छावणीत दुसऱ्या कशाची टंचाई असेल, शेणाची नव्हती.

अर्ध्या तासानं ते दृश्य असं होतं : कोवळ्या उन्हात, थंडीत कुडकुडत, शेणानं माखलेली दूध सोसायटी ओळीनं वाळत बसलेली. हलायचं नाही, खाजवायचं नाही. बोलायला कुणाला तोंड नाही. मला तर अजिबात नाही.

तेव्हा आत्याबाईच बोलायला लागल्या. कुणाला शिकवायचं म्हणून नव्हे, लोकांचं खाजवण्याकडं ध्यान जाऊ नये म्हणून.

"ती पिवळी फुलं दिसत्यात का? तरवड. समदं करपलं तरी तो फुलतो. आन् तो हिवर, त्याच्या शेंगा शेरडं खात्यात. त्या बांधावर निवडुंग हाय. मागल्या मोठ्या दुष्काळात त्याची लाल बोंडं आमी भाजून खाल्ली. तुमचे हे चेअरमन तवा खडी फोडायच्या कामावर गेलते. मी पोटुशी. सांजच्याला फेट्याच्या पदरात बोंडं बांधून आणायचे. काटं ह्यांच्या बोटात, बोंडं माझ्या तोंडात."

सगळे हसले. मामा शेणाच्या आतून हसले. पांढऱ्या भेगा पडल्या गालावर.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, अजून सांगा." आणि पेन मागितलं. आत्याबाई सांगत राहिल्या : कुठल्या झाडाची साल, कुठला डिंक, कुठल्या पाखराचा आवाज आला की पाणी जवळ असतं. मी बी.एस्सी., पण त्यातलं निम्मं पहिल्यांदाच ऐकत होते. आत्याबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरवड फुललेला दिसला, की मला अजून तो आवाज ऐकू येतो. आणि खरं सांगते, मान पण खाजते.

घरी परतताना टेम्पोत मी ह्यांच्याशेजारी उभी होते. त्यांच्या तळहाताला नुसते चट्टे.

"तुम्हाला माहीत होतं, ती खाजकुइली आहे?"

"हो."

"मग घेतलीत कशाला? बोलला का नाहीत?"

हे बाहेर बघत म्हणाले, "सकाळपासनं तुला एकच तर काडी ओळखू आल्ती. लई खुश दिसत हुतीस."

मी त्या टेम्पोत रडले. लोकांना वाटलं, खाजेमुळे.

टँकर दोन दिवसांनी येणार होता, त्यामुळे आंघोळ म्हणजे माणशी दोन तांबे. मी रात्रभर जागी. फॉर्मचा विषय संपला, हे मला कळून चुकलं होतं. सकाळी चहा घेऊन गेले, तर मामांचे गाल सुजून पुरीसारखे. पेपर समोर होता, पण मिटलेला.

"फॉर्म आण."

"मामा?"

"आण म्हणतो. तुझं शिकणं अजून लई बाकी हाय. असं अर्ध्यावर सोडलं, तर गावाला धोका हाय!"

मी पळत जाऊन फॉर्म आणला. मामांनी पेन घेतलं, एक अक्षर लिहिलं, मान खाजवली. दुसरं लिहिलं, कान खाजवला. आडनावापर्यंत पोचता पोचता कोपर, पाठ, पुन्हा मान! कागदावर जे उमटलं, ते चांगलं तीन इंच लांब होतं आणि मधेच दोनदा फॉर्मच्या चौकटीबाहेर जाऊन आलं होतं.

बीडला कॉलेजच्या खिडकीत क्लार्कनं तो फॉर्म हातात घेतला, सरळ करून बघितला, उलटा करून बघितला. मग सहानुभूतीनं मला विचारलं, "सासरे निरक्षर आहेत का?"

"नाही हो," मी म्हणाले. "सून बी.एस्सी. आहे!"